डोक्यावर उभा दगड

होणाऱ्या बायकोने संशोधकाला फाटकातच दम भरला होता. "बाबा ज्याला ग्रॅनाइट म्हणतील, त्याला तूही ग्रॅनाइटच म्हणायचं. लग्न हवंय ना?"

हवं होतं. म्हणून तिच्या बाबांनी स्वतःच्या दगडाच्या वखारीतून निवडून दिवाणखान्याच्या भिंतीवर बसवलेली काळी-पांढरी पट्टेरी लादी पाहून, ग्रॅनाइट नसलेल्या त्या दगडाला त्याने तोंडभरून ग्रॅनाइट म्हटलं. बाबा खूश. आई चहा ओतू लागली. प्रकरण इथेच मिटलं असतं. पण संशोधकाने खिशातून भिंग काढलं.

"फक्त उलटी बसलीय, काका."

"उलटी? तो काय फोटो आहे?"

मग कुणी विचारलं नसताना त्याने समजावून सांगितलं. जमिनीच्या पोटात तप्त रसाचं तळं साचतं, सावकाश निवतं. काळे जड स्फटिक तळाशी बसतात, पांढरे हलके त्यांच्यावर, असे थरावर थर. याच विषयात त्याचं तारुण्य आणि दोन शिष्यवृत्त्या खर्ची पडल्या होत्या. "तुमच्या प्रत्येक पट्ट्यात काळं वर आहे. म्हणजे दगड डोक्यावर उभा आहे."

"तरीच!" आई म्हणाली. "या खोलीत माझं डोकं गरगरतं, तर हे म्हणतात चष्मा बदल."

बाबांनी कप खाली ठेवला. वखारीचा मालक, आणि त्याच्याच घरात दगड उलटा! "खाणवाले लादीच्या पाठीवर बाण काढतात, वरची बाजू कुठली ते कळायला. गवंड्याने बघितला असेल-नसेल. लादी उतरवू. तुमचं खरं निघालं तर लग्नाचं बोलू. नाहीतर चहा झालाच आहे."

रविवारी चार गड्यांनी लादी भिंतीपासून सुटी केली. बाबा पुढून ओरडत होते, "सांभाळा रे, कोपरा!" मागे संशोधक आणि मुलगी वाकून बघत होते. खडूचा बाण सरळ वर रोखलेला होता. गवंडी चुकला नव्हता. काळे जड स्फटिकच संशोधकाच्या प्रबंधाला न विचारता वर जाऊन बसले होते.

"काय म्हणतो बाण?" बाबांनी विचारलं.

संशोधक भिंग पुसू लागला. "काका, यात दोन मतप्रवाह आहेत..."

मुलीने एका गड्याच्या खांद्यावरचं फडकं ओढलं, बाण पुसला आणि संशोधकाच्याच खिशातला, दगडांवर खुणा करायचा खडू काढून नवा बाण ओढला.

"खाली, बाबा!"

बाबा मागे आले, त्यांनी बाण पाहिला आणि भावी जावयाला कडकडून मिठी मारली. संध्याकाळपर्यंत संशोधकालाही आठवू लागलं, की बाण खालीच होता.