पाटी उतरायची वेळ

मंत्रालयाच्या दारात शिडी लागली होती. नवी पाटी पांढऱ्या कापडात गुंडाळून भिंतीला टेकवलेली, टेबलावर तांदळाच्या गरम वड्यांचे डबे वाफाळत होते. एवढी जय्यत तयारी, आणि दाराशेजारच्या लांब उभ्या जुन्या पाटीला पाठ लावून मा ओक-सन उभी! बेट कल्याण मंत्रालयाची ही कायदा संचालक. एरवी मुंगीलाही वाट देणारी बाई, आज खांबासारखी रुतली होती.

"मा बाई, बाजूला व्हा," उपमंत्री प्यो गि-बम पांढरे हातमोजे चढवत म्हणाले. "पाहुणे येतील इतक्यात."

"कायदा झाला का, साहेब?"

"झाल्यात जमा आहे. आपण नव्या किनारा मंत्रालयात विलीन होणार, हे शेंबडं पोरही सांगेल. संसदेतलं मतदान तेवढं गुरुवारवर गेलंय."

"म्हणजे मूल अजून पोटातच, आणि तुम्ही ते शंभर दिवसांचं झाल्याच्या वड्या वाटताय!"

शिडीवरचा सुतार फिसकन हसला. साहेबांनी वर पाहिलं, तसा तो खिळे चाचपू लागला.

"अहो, नुसती पाटी तर आहे!"

"पाटीचं काय घेऊन बसलात? आजपासून शिक्के नवे, आदेश नव्या नावानं. मग माझ्या बोटीचं काय?"

खरं दुखणं हेच होतं. दक्षिणेकडच्या बेटांवर डॉक्टर घेऊन फिरणाऱ्या दवाखान्याच्या बोटीची मुदत आज संपत होती, आणि नव्या मंत्रालयाच्या आराखड्यात बोटीला जागाच नव्हती. मुदतवाढीचा आदेश साहेबांच्या सहीसाठी ओक-सनच्या हातात होता. जुन्या नावानं आज सही झाली, तर जुन्या मंत्रालयानं दिलेला शब्द नव्या मंत्रालयानं पाळायचा, असं येऊ घातलेल्या कायद्याचं शेवटचं कलमच सांगत होतं. पण न जन्मलेल्याच्या नावानं काढलेला आदेश? तो कोणीही केरात टाकावा.

ओक-सन त्याच बेटांवर वाढलेली. तिथल्या मठात म्हातारे भिक्खू झांजेच्या ठेक्यावर निरूपण गायचे, तेव्हा कोळिणी जाळी विणायची थांबायच्या. 'श्वास चालू आहे तोवर दिवा विझवू नका गं,' ही ओळ ते तीनतीनदा आळवायचे. आज ती ओळ तिच्या छातीत घुमत होती.

"वरून हुकूम आहे," साहेब आवाज उतरवून म्हणाले. "उगाच आडव्या येऊ नका. बदली होईल तुमची."

"होऊ द्या! पण मंत्रालयाला नाव द्यायचा अधिकार वरच्यांचा नाही, तुमचा नाही, माझाही नाही. तो संसदेचा. आता मला एवढंच सांगा, आज या घटकेला तुम्ही कोणत्या मंत्रालयाचे उपमंत्री?"

फाटकातून पाहुण्यांची काळी गाडी आत वळली.

"बोला ना, साहेब. पाहुणे हेच विचारतील."

"तुम्ही ना, बाई..." साहेबांनी दात-ओठ खाल्ले. मग उजव्या हातातला मोजा ओढून काढला, वड्यांचे डबे कोपरानं सारले आणि टेबलावर वाकून सही ठोकली. बेट कल्याण मंत्रालयाच्या नावानं.

"उतर रे खाली!" ते सुतारावर खेकसले. "आणि तुम्ही, गुरुवारनंतर तुमचं काही खरं नाही."

"ठाऊक आहे," ओक-सन म्हणाली, आणि कागद छातीशी धरून पाहुण्यांना वाकून नमस्कार करायला पुढे झाली.

गुरुवारी कायदा झाला. तो लागू झाला त्या सकाळी ओक-सन स्वतः शिडीपाशी आली आणि जुनी पाटी तिनं दोन्ही हातांनी झेलली.

"त्या दिवशी वाघिणीसारख्या आडव्या आलात, आणि आज?" सुतारानं विचारलं.

"त्या दिवशी तिचा श्वास चालू होता, बाबा." तिनं बाहीनं पाटीवरची धूळ पुसली.

आत तिच्या टेबलावर बदलीचा हुकूम पडला होता. ती खोकं भरत होती तोच नव्या मंत्रालयातला कोणी अधिकारी फोनवर तडकला, "ही बोट आमच्या गळ्यात कोणी बांधली?"

"कायद्यानं," ओक-सन म्हणाली. "शेवटचं कलम वाचा. आणि बोट निघालीय, अडवायची असेल तर आधी संसदेत जा."