माझं मचूळ पाणी

मी बावडी बोलतेय, समुद्रकाठच्या मनोरी गावची. जरा मागे सरून उभे राहा हं! वाकून बघायची लोकांना भारी हौस. माझ्या पोटात आधीच दोन चष्मे आणि एक मोबाइल आहे. मोबाइल पडला तेव्हा त्याचा मालक असा रडला की काय सांगू. चष्मेवाल्यांनी नुसत्या शिव्या दिल्या.

मला खणलं इथल्या ईस्ट इंडियन वाडीतल्या ख्रिस्ती लोकांनी. समुद्र हाकेच्या अंतरावर, तरी माझं पाणी गोड. मला त्याचा केवढा तोरा होता! वाडीतल्या बायका आणि शेजारच्या कोळीवाड्यातल्या बायका, सगळ्यांचे हंडे माझ्याच पाण्यानं भरायचे. भांडणं व्हायची, पण ती दोरीवरून. पाण्यावरून कधीच नाही.

रविवारी चर्चमधली मिस्सा संपली की वाडीतली बेनी मावशी पोरांना घेऊन माझ्या कठड्याशी बसते आणि बायबलमधल्या गोष्टी सांगते. पाण्याची गोष्ट निघाली की मी कान टवकारते. त्या पुस्तकात आम्हा विहिरींना काय मान आहे! याकोबाच्या विहिरीपाशी येशू दमून बसला आणि एका परक्या बाईकडे त्यानं प्यायला पाणी मागितलं. प्रत्यक्ष देव, आणि पाणी मागतोय!

पण माझी लाडकी गोष्ट इसहाकाची. त्याच्या बापाच्या विहिरी लोकांनी माती टाकून बुजवल्या. त्यानं त्या पुन्हा उकरल्या. नवी खणून पाणी लागलं की दुसरे हजर, "हे पाणी आमचं!" तो बिचारा पुढे जाऊन आणखी एक खणायचा. शेवटी एका विहिरीवरून कुणीच भांडलं नाही. तिचं नाव त्यानं ठेवलं रहोबोथ. म्हणजे सगळ्यांना जागा. मला ते नाव फार आवडतं. माझं बारसं कुणी केलंच नाही ना!

मग आजूबाजूला सुट्टीचे बंगले आले. प्रत्येकाला पोहायचा तलाव हवा, प्रत्येकाची खोल बोअर. खालचं गोड पाणी त्यांनी ओढलं आणि रिकाम्या झालेल्या जागेत जमिनीखालून समुद्र घुसला. तोही हल्ली फार पुढे सरकलाय, मोठ्या भरतीला वाडीच्या कुंपणाशी येऊन उभा राहतो. पाऊस येतो तो बदाबदा कोसळतो आणि मुरायच्या आत वाहून जातो. झालं, मी मचूळ झाले. बंगल्यांचे तलाव अजून भरलेलेच. वाट लागली ती हंडेवाल्यांची.

कोळीवाडा टँकरच्या पाण्यावर आला. वाडीत मासे विकायला येणाऱ्या सरूबाईनं एकदा माझं पाणी चाखलं आणि तोंड वाकडं करून म्हणाली, "हिच्या पान्यात कालवन शिजवा गो, मीठ वाचंल!" सगळ्या खो खो हसल्या. मला मात्र ते लागलं. किती दिवस लागलं!

गेल्या उन्हाळ्यात बेनी मावशीची भाची शेरिल हिचं लग्न ठरलं. आमच्या वाडीत लग्नाच्या आदल्या दिवशी उंबराचं पाणी असतं. बायका लुगडी नेसून, कळश्या घेऊन, बँड लावून बावडीवर येतात आणि नवरीच्या आंघोळीचं पाणी वाजतगाजत घरी नेतात. नळाचं चालत नाही, बावडीचंच लागतं.

शेरिलचा बाप हिलरी डोकं धरून बसला. "मचूळ पाणी ओतू पोरीच्या डोक्यावर? आणि रीत मोडून कसं चालेल?" मग त्यानं काय शक्कल काढली माहीत आहे? मोटर लावून मला तळापर्यंत उपसलं आणि कुणाच्या तरी ओळखीनं टँकर बोलावून गोडं पाणी माझ्यात ओतलं. रीतही राहिली, केसही चिकट होणार नाहीत! मला तर दुसऱ्याचं लुगडं नेसल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी बँड आला. कळश्या आल्या, शेरिल आली. आणि कोळीवाड्याच्या वाटेनं सरूबाई आली, कडेवर रिकामा हंडा. तिच्यामागे आणखी बायका, सगळ्यांचे हंडे रिकामे.

"आमचा टँकर तुमच्या बावडीत ओतला म्हनं," ती म्हणाली. "लग्नघर हाय, म्हनून भांडत नाय. पन आज आमच्याकडं प्यायला नाय रं हिलरी."

बँड थांबला. हिलरी गोरामोरा झाला. "अगं, आईशप्पथ, मला काय ठाऊक तुमचा होता? मी फक्त टँकर पाहिजे म्हणालो!"

"विचारलंस कुठे?" बेनी मावशी म्हणाली. तिचाही आवाज पडला होता.

शेरिल माझ्याकडे बघत होती. लहानपणी याच कठड्याशी बसायची ती. म्हणाली, "मावशी, इसहाकाच्या गोष्टीत आपण कोण गं? मला वाटायचं, आपण इसहाक."

शेरिलनं पदर खोचला, पोहरा सोडला, पाणी ओढलं आणि सरूबाईच्या हंड्यात ओतलं.

"शेरिल, अगं तुझं उंबराचं पाणी!" हिलरी ओरडला.

"आधी प्यायला, पप्पा. आंघोळ मग."

मग काय, हिलरीनंही बाह्या सरसावल्या आणि बँडवाल्यांवर खेकसला, "बघता काय? वाजवा ना यार!" हंड्यांमागून हंडे भरले. वाडीतल्या बायका ओढत होत्या, कोळणी डोक्यावर घेत होत्या. टँकरचं पाणी तळाला गेलं आणि माझ्या दगडांतून माझं स्वतःचं पाझरू लागलं. शेरिलची कळशी शेवटी त्या पाण्यानंच भरली. मचूळ होतं हो, पण माझं होतं! तिचे केस चांगलेच चिकट झाले म्हणे, आणि लग्नात ती सगळ्यांना ते हसून सांगत होती. मी त्या दिवशी इतकी सुखावले की विचारू नका.

तेव्हापासून वाडी आणि कोळीवाडा मिळून बंगल्यांच्या बोअरविरुद्ध तक्रार करताहेत. हेलपाटे चाललेत, बघू. चर्चच्या छपरावरचा पाऊस मात्र हिलरीनं पाइप लावून माझ्यात सोडला.

माझं एवढंच मागणं आहे: मला बुजवू नका, आणि तुमच्या बादलीत पाणी पडलं की ते कुणाच्या हंड्यातून आलं, तेवढं विचारा.

परवा पाऊस उघडला तेव्हा सरूबाई आली होती. पोहरा ओढला, ओंजळभर प्याली, पुन्हा एक ओंजळ घेतली. मी श्वास रोखून धरला.

"बेनी," ती म्हणाली, "आता कालवनात मीठ टाकायला लागंल गो."