तिसऱ्या ठोक्याची खूण

मी आहे प्रयोगशाळेतली एक जुनी लाकडी फळी. मित्रांनो, माझ्या एका टोकाखाली ठोकळा ठेवला की माझा उतार होतो आणि खोबणीतून पोलादी गोळा गडगडत खाली जातो. इतकंच माझं काम. सुताराने ही खोबण तीन दिवस घासली आणि हात फिरवून म्हणाला, “झकास!” तेवढं कौतुक मला अजून पुरतंय.

प्रयोगशाळा सांभाळणारे मामा गोळ्याच्या वाटेवरच्या खडूच्या खुणा कधी पुसू देत नाहीत. त्या एका दुपारी उमटल्या; का जपल्या, ते ऐका.

एक मुलगी विषय निवडायचा फॉर्म घेऊन आली. तिला पूल बांधायला शिकायचं होतं. फिजिक्समध्ये एकदा नापास झालेली. पुन्हा झाली तर कॉलेज सुटणार. आधी कॅल्क्युलस करून पुढच्या वर्षी फिजिक्स घ्यावं, तर घरून जास्तीचं वर्ष मिळणार नव्हतं. फॉर्म पाचच्या आत द्यायचा होता.

“गणिताचे सर म्हणतात, आधी फिजिक्स कर. फिजिक्सच्या बाई म्हणतात, आधी कॅल्क्युलस. मामा, मी जाऊ तरी कुठे?” आणि ती रडायलाच लागली. मला तर बाई गलबलून आलं.

“आधी डोळे पूस आणि गोळा सोड,” मामा म्हणाले.

मामा पेन्सिलीने टेबलावर ठोके देत होते, ती ठोक्याठोक्याला गोळा जिथे असेल तिथे खडूने खूण करत होती. मग सुरुवातीपासूनचं अंतर बोटांनी मोजलं: चार बोटं, सोळा, छत्तीस, चौसष्ट.

“पण बरोबर तिसऱ्या ठोक्याला वेग किती?” तिनेच विचारलं. त्याच्या आधीच्या ठोक्यात गोळा वीस बोटं गेला होता, नंतरच्या ठोक्यात अठ्ठावीस. मामांनी मग अर्ध्या-अर्ध्या ठोक्याला पेन्सिल वाजवली: तिसऱ्याच्या आधीच्या अर्ध्यात अकरा बोटं, नंतरच्या अर्ध्यात तेरा. म्हणजे आता आधीचा वेग ठोक्याला बावीस आला, नंतरचा सव्वीस.

“अजून बारीक तुकडे केले, तर दोन्हीकडून जवळ येत... चोवीस! मामा, चोवीसच!”

दारात फिजिक्सच्या बाई उभ्या होत्या. “अगं, हेच तर कॅल्क्युलस,” त्या ओशाळून म्हणाल्या. “आणि आम्ही दोघं तुला उगाच टोलवत बसलो. दोन्ही बरोबरच घे. अडलं की इथे यायचं, लाजायचं नाही.”

पाचला दहा मिनिटं असताना फॉर्म गेला. मग वर्षभर गणित अडलं की ती माझ्याकडे आणि गोळ्याचं कोडं अडलं की वहीतल्या गणिताकडे. शेवटी पास झाली. काठावर का होईना, झाली हो माझी पोर!

आता माझ्या जागी चकचकीत धातूची पट्टी आली आहे, वेग आपोआप दाखवते. मी कपाटामागे उभी असते. पण फॉर्म घेऊन कुणी रडवेलं आलं, की मामा मलाच बाहेर काढतात.

मित्रांनो, मला मोडीत काढू नका, आणि तिसऱ्या ठोक्याची ती खूण तेवढी पुसू नका. पुढच्या वर्षीही कुणीतरी घाबरून येणारच आहे.