पंधरा बकऱ्या आणि दानम्माचं फडकं

मी एक जुना वाघ-बकरीचा पट आहे, मित्रांनो, आणि आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकही जण विश्वास ठेवणार नाही. नका ठेवू. मी शिसवाचा आहे. शिसव कुणाच्या पाया पडत नाही.

बालाघाटच्या डोंगरात मी झाड होतो, तेव्हा एक खराखुरा वाघ रोज माझ्यावर नखं घासायला यायचा. एके दिवशी मी खोड असं आवळलं की त्याचं एक नख माझ्यातच राहिलं. तो लंगडत गेला, तो पुन्हा त्या डोंगरात दिसला नाही. पुढे सुग्रीव सुताराने मला कापलं, तेव्हा त्याच नखावर त्याच्या करवतीचे दोन दात पडले.

सुग्रीवाने माझ्या अंगावर खोल रेघा कोरल्या. रेघा जिथे भेटतात ते घर. तीन गारगोट्या म्हणजे वाघ, पंधरा चिंचोके म्हणजे बकऱ्या. वाघाने बकरीवरून उडी मारली की बकरी गेली. बकऱ्यांनी सगळे वाघ कोंडले की वाघ हरले. एक गोष्ट मात्र कबूल करतो. मला हात नाहीत, पाय नाहीत. कुणी उचलल्याशिवाय मी तसूभर हलत नाही.

तेव्हा निजामाचं राज्य होतं. मोमिनाबादेत, म्हणजे तुमच्या आजच्या अंबाजोगाईत, रुद्रप्पा वाण्याच्या दुकानात माझी चाळीस वर्षं गेली. रुद्रप्पाने जन्मात कधी वाघ घेतले नाहीत. म्हणायचा, "वाघ कुनी बी खेळंल. बकऱ्या खेळाया डोकं लागतं." गावोगावचे लोक माझी तारीफ करत आणि गुळाचे, तेलाचे हात माझ्याच अंगाला पुसत.

मग रुद्रप्पाच्या डोळ्यांत मोतीबिंदू आला. तो बोटांनी रेघा चाचपून खेळू लागला. पण माझ्या रेघा तर किटाने भरलेल्या. त्याचा चिंचोका घर सोडून भलतीकडेच बसायचा. आसाराम तेली रोज जिंकायचा आणि वर म्हणायचा, "रुद्रप्पा, म्हातारपनी अक्कल गेली बे तुझी." सगळं गाव तेच म्हणू लागलं. वाईट हे की रुद्रप्पालाही ते पटू लागलं.

अशात दौऱ्यावरचा एक पेशकार, म्हणजे तहसीलदाराच्या हाताखालचा अंमलदार, दुकानात पाणी प्यायला थांबला. त्याची नजर माझ्यावर पडली.

"हा पट उद्या आमच्या डेऱ्यावर पाठवा," तो म्हणाला. "तुम्हाला तर दिसत नाही. तुमच्या काय कामाचा?"

दुकानात सगळ्यांनी माना खाली घातल्या. रुद्रप्पाने घातली नाही.

"पट खेळनाऱ्याचा असतो, साहेब. उद्या इथं बसा. जिंकलात तर न्या."

पेशकार हसला. "वाघ आमचे."

"आमी कवा मागितले?"

तो गेल्यावर आतून रुद्रप्पाची सून दानम्मा आली. "मामंजी, ह्याला साफ करते."

"हात लावू नको. माझ्या बापाच्या हाताचं तेल हाय त्याच्यावर."

"बापाचं तेल न्हाई, तुमच्या गुळाचं कीट हाय."

सासऱ्याने नाही म्हटलं आणि दुपारी तो आडवा झाला. सुनेने मला उचललं. तिचं माहेर शिरूरचं, तांब्यापितळेची भांडी करणाऱ्या कासारांच्या शेजारचं. तिकडे जे घासायचं ते राखेने आणि चिंचेने. तिने माझ्या एका कोपऱ्यावर तेच सुरू केलं. मित्रांनो, मी असा ओरडलो की तिकडे वेशीतले बैल सुटले. कोपरा पांढरा पडला. तो चट्टा आजही आहे, बघून घ्या.

दानम्मा थांबली. "हे भांडं न्हाई," ती स्वतःशीच म्हणाली.

मग तिने कोरड्या फडक्याने धूळ टिपली. दुसरं फडकं ओलं करून घट्ट पिळलं. कडुनिंबाच्या काडीला कापूस गुंडाळून एकेक रेघ मोकळी केली. घाई नाही, जोर नाही. लगेच पुसून घेतलं, जवसाच्या तेलाचं बोट फिरवलं आणि सावलीत ठेवलं. निघालेला मळ तिने परसात टाकला. त्यावर भोपळ्याचा वेल चढला आणि रोज दोन भोपळे देऊ लागला.

रुद्रप्पा उठला, तेलाच्या वासाने त्याला सगळं कळलं, रागावायला म्हणून त्याने माझ्यावर हात आपटला, आणि त्याचं बोट रेघेत उतरलं. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत ते बोट सावकाश फिरलं.

"दानम्मा."

"जी."

"माझी अक्कल गेली नव्हती गं."

"न्हाई मामंजी. वाटा बुजल्या होत्या."

दुसऱ्या दिवशी पेशकार आला. त्याने बघता बघता चार बकऱ्या खाल्ल्या. आसाराम उसासे टाकू लागला. मग एक वाघ कोंडला, दुसराही कोंडला. तिसऱ्याला एकच घर मोकळं उरलं.

इथे थोडं थांबतो. मित्रांनो, जुनी वस्तू समोर आली की तिला खसाखसा घासू नका. आणि जुनी म्हणून तशीच मळतही ठेवू नका. हळू हाताने पुसा. आत काय कोरलंय ते आधी बोटाला कळू द्या.

तर ती शेवटची चाल. तिसराही वाघ कोंडला गेला, पेशकार रिकाम्या हाताने परतला, आणि मी या दुकानातून हललो नाही तो आजतागायत. पण खरी गोष्ट आजवर कुणाला ठाऊक नाही. तो शेवटचा चिंचोका मीच सरकवला. अंग असं आकसून घेतलं, एक झटका दिला, आणि बकरी बरोबर घरात. मी नसतो तर त्या म्हाताऱ्याचं...

"खोटं," ऐकणाऱ्या पोरांत पुढे बसलेली छबू म्हणाली. "आत्ताच तर म्हनलास, कुनी उचलल्याबिगर मी हलत न्हाई. मग बकरी त्या आज्जाच्या बोटांनीच सरकली की. तू नुसता पडून होतास."