सेकुरूंनी भरलेली टाळू

मुहाचा नावाच्या झाडाखाली अख्खं गाव लोटलं होतं. गावचे वैदू ग्वातिद्झो, सगळ्यांचे 'सेकुरू' म्हणजे आजोबा, यांनी आठ महिन्यांच्या टिने नावाच्या मुलाला पायांना धरून उलटं केलं आणि धुपणाऱ्या मडक्यावर तीनदा झुलवलं. पोर कळवळून रडू लागलं.

"गरुडा, नेलंस ते परत दे! खड्ड्या, भर! नाही भरलास तर गाठ माझ्याशी आहे!" सेकुरू गरजले. पोराच्या टाळूला खड्डा पडला की ती गरुडाने नेली, असं गाव मानत होतं. मग टाळूवरचा हात काढून म्हणाले, "लावा बोट. आहे खड्डा?"

खड्डा नव्हता! बायकांनी लुलुलुचा एकच गजर केला.

सगळ्यांत पुढे, बगलेत दक्षिणा म्हणून द्यायची कोंबडी धरून, टिनेचे वडील उभे होते. चिगुमिरा मास्तर. गावच्या शाळेतले विज्ञानाचे एकुलते एक शिक्षक. अंधश्रद्धेवर दर सोमवारी भाषण ठोकणारे. टिनेला तीन दिवस पाण्यासारखे जुलाब होत होते. सकाळी टाळू खोल गेलेली दिसली आणि मास्तरांची सगळी विद्या पाय लावून पळाली. दवाखाना बैलगाडीने दोन तासांवर, सेकुरू दारात. 'आपण फक्त निरीक्षण करतोय,' असं त्यांनी मनाला बजावलं होतं. कोंबडी घेऊन निरीक्षण!

त्यांच्या बायकोचा, रतिद्झोचा, असल्या निरीक्षणावर विश्वास नव्हता. तिने गावच्या आरोग्यसेविकेला, चेनेसाई माईला, निरोप धाडला होता. माई सायकलवरून उतरली ती थेट टिनेजवळ.

"मास्तर, पोराला लघवी कधी झाली?"

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं.

"काल संध्याकाळी," रतिद्झो म्हणाली.

माईने टिनेच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. वळी तशीच राहिली. "याला सरळ मांडीवर घे आणि पाज," ती रतिद्झोला म्हणाली.

पोर शांत झालं. माई म्हणाली, "आता लावा बोट."

खड्डा होता तसाच होता.

"तुझ्या सायकलीने आत्मे बिथरले!" सेकुरू ओरडले.

"असं? मग हे घ्या." माईने शेजारणीचं गुटगुटीत पोर उचललं. आईपासून दूर होताच त्याने भोकाड पसरलं. "याला ना जुलाब, ना खड्डा. बघा बरं."

टाळू टम्म वर आली होती. पोर आईकडे गेलं, गप्प झालं आणि टाळू सपाट झाली.

"रडताना, उलटं धरल्यावर टाळू कुणाचीही वर येते. डोक्यात दाब वाढतो, बाकी काही नाही. टिनेच्या अंगातलं पाणी गेलंय म्हणून टाळू खचलीय. धुराने पाणी भरतं होय? सेकुरू, न रडवता भरून दाखवा!"

सेकुरूंना एकाएकी दुसऱ्या गावचा रोगी आठवला.

"मास्तर, मीठ-साखरेचं पाणी कसं करतात?" माईने विचारलं.

"साडेसातशे मिलिलिटर उकळून गार केलेलं पाणी... साखर अर्धा..." मास्तर अडखळले.

"साखर चहाचे सहा चमचे, मीठ अर्धा. सपाट! तुमच्याच वर्गाच्या भिंतीवर तुमच्याच अक्षरात लिहिलंय. मी तिथेच शिकले."

दवाखान्याकडे निघालेल्या बैलगाडीत मास्तर ते पाणी चमच्या-चमच्याने पाजत होते. टिने ओकला तेव्हा त्यांनी चमचा खाली ठेवला. "संपलं," ते पुटपुटले.

"काही संपलं नाही. दहा मिनिटं थांबा, मग आणखी सावकाश पाजा," माई म्हणाली. मधूनमधून रतिद्झो अंगावर पाजत होती. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी तेच पुढे चालू ठेवलं आणि जस्ताच्या गोळ्या दिल्या. दुपारी टिनेने मास्तरांच्या सोमवारच्या भाषणासाठी राखलेल्या इस्त्रीच्या पँटवर भरघोस धार सोडली.

"झाली! झाली!" मास्तर नाचायचेच बाकी होते. अंगात पाणी पोचल्याची ती पावती होती. आणि त्यांच्या डोळ्यांतही पाणी आलं.

सोमवारी शाळा भरली, तेव्हा ते म्हणाले, "मुलांनो, अंधश्रद्ध माणूस बघायचाय? माझ्याकडे बघा. पोरांना जुलाब लागले की पहिल्यापासूनच मीठ-साखरेचं पाणी द्या, अंगावरचं दूध तोडू नका. डोळे-टाळू खोल गेली, पोर मलूल झालं, पीत नसलं किंवा शौचात रक्त दिसलं की तडक दवाखाना गाठा. आणि कुणी चमत्कार दाखवला तर एवढंच विचारा, हेच धडधाकट पोरावर केलं तर काय होईल?"

"सर, आणि कोंबडी?" मागून कुणीतरी विचारलं.

"सेकुरूंनी नेली. ती माझ्या शिकवणीची फी."

दाराशी रतिद्झो उभी होती. तिच्या पाठीला बांधलेला टिने तिची ओढणी चघळत होता. मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं.

"फार स्वस्तात सुटलो," ते म्हणाले.