पेशींची हिरवी कड

भाची प्रयोगशाळेत बनवत असलेलं औषध नको तिथेही चिकटत होतं, आणि उद्या तिथल्या मॅडम तिचं काम बंद करणार होत्या. ताईने मला हे दारातच सांगितलं आणि वर बजावलं, "तू तिला काही विचारू नकोस हं. आधीच डोकं फिरलंय तिचं."

मी कसला विचारतोय! पण भाचीच माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली. "मामा, तुला समजावते. तुला कळलं तर मॅडमनाही कळेल."

"म्हणजे मी अगदीच ढ."

"नाही रे. तू मधे मधे बोलत नाहीस, म्हणून."

मग तिने सांगितलं. टेनिसच्या चेंडूवर लव असते ना, तशा प्रत्येक पेशीच्या अंगावर साखरेच्या साखळ्या असतात. ही चहातली साखर नव्हे, तिच्या नात्यातली. कॅन्सरच्या पेशींवर या साखळ्यांची वीण जरा वेगळी असते, आणि तिचं औषध तेवढीच वीण ओळखून चिकटायला हवं. औषधाला हिरवा चमकणारा रंग जोडलेला.

"आणि तो दिसत नाही?"

"दिसतो ना! आजारी पेशी हिरव्या, धडधाकट पेशी हिरव्या, रिकामी काचसुद्धा हिरवी."

"मग रंग बदल," ताई भांडी विसळता विसळता म्हणाली.

"आई, तू थांब गं! तर मामा, पेशी काचपट्टीवर बसवते. मग दुधाची पावडर पाण्यात कालवून ओतते."

"दूध?" मला वाटलं, थट्टा करतेय.

"मोकळ्या जागा दुधातल्या प्रथिनांनी भरून टाकायच्या, म्हणजे औषध भलतीकडे चिकटत नाही. आधीच्या प्रयोगशाळेत आम्ही असंच करायचो. तिथे अर्थात साखर शोधत नव्हतो, त्यामुळे..."

ती ताडकन उठली.

"मामा, दुधातल्या प्रथिनांवरही साखळ्या असतात! म्हणजे मीच काचभर साखर पसरते आणि औषधाला म्हणते, आता शोध!" तिने कपाळावर हात मारला आणि हसत सुटली.

ताई ओल्या हातांनी धावत आली. "काय केलंस रे तिला?"

दुसऱ्या दिवशी भाचीने मला प्रयोगशाळेत ओढूनच नेलं. दुधाऐवजी तिने साखळ्या नसलेलं प्रथिन वापरलं होतं. मॅडम हाताची घडी घालून मागे उभ्या. आयत्या वेळी भाचीने डोळे गच्च मिटले. "मामा, तू बघ. मला नाही बघवत."

मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. आधी मला माझ्याच पापण्या दिसल्या. मग पहिल्या काचपट्टीवर कॅन्सरच्या पेशी दिसल्या. प्रत्येकीला नाजूक हिरवी कड. मी तसं सांगितलं.

"आणि दुसरीवर? धडधाकट पेशी?"

मी पाहिलं. पुन्हा पाहिलं. "काहीच नाही गं. नुसता काळोख. मी... मी काही बिघडवलं का?"

भाचीने अशी किंकाळी फोडली की शेजारच्या खोलीतले लोक दारात आले. तिने मला खुर्चीसकट गरकन फिरवलं. मॅडमनी तिला बाजूला सारून स्वतः पाहिलं. मग भाचीने जादा करून ठेवलेल्या पट्ट्याही त्यांनी एकेक करून पाहिल्या. कड, काळोख. कड, काळोख.

"काम चालू ठेव," त्या म्हणाल्या. आणि हसू दाबत, "दूध मात्र चहाच्या खोलीत ठेव."

मी बाहेर येऊन ताईला फोन लावला.

"काय झालं रे?"

"काळोख!" मी ओरडलोच. "ताई, अगदी छान काळोख!"