दुरुस्ती चालू आहे

मी जिना बोलतोय. दगडी नव्हे, लाकडी नव्हे, सरकता जिना. गावातल्या एकुलत्या एक शॉपिंग सेंटरमध्ये, बस स्टँडच्या समोर, मी सव्वीस वर्षं उभा आहे. उभा म्हणजे तिरका. सरळ उभं राहणं माझ्या नशिबात नाहीच.

मी आलो तेव्हा तीन तुकड्यांत होतो. दारातून आत शिरेना, म्हणून दर्शनी भिंत फोडावी लागली. एका मिस्त्रीनं मला जोडलं, तेल पाजलं, एकेक पायरी हातानं फिरवून बघितली. मोटर पहिल्यांदा सुरू झाली तेव्हा त्यानं माझ्या रबरी कठड्यावर हात ठेवला. हात वर निघाला, तसा तो स्वतःशीच हसला. पुढे माझी देखभालही त्याच्याकडेच आली.

मी फक्त वर नेणारा. खाली उतरायला इमारतीच्या मागे साध्या पायऱ्या होत्या. पहिल्या आठवड्यात लोक खरेदीला आलेच नाहीत, माझ्यावरून जायला आले. वर जायचे, मागून धावत खाली यायचे आणि पुन्हा रांगेत उभे. एक गृहस्थ कडक इस्त्रीचे कपडे घालून, सगळं घरदार घेऊन आले. वर पोहोचले आणि 'आता याला उलटा फिरवा' म्हणून हटून बसले. मिस्त्रीनं त्यांना हात धरून मागच्या पायऱ्यांकडे नेलं.

वरच्या मजल्यावर चौदा दुकानं होती. खेळणी, पडदे, वह्या-पुस्तकं, घड्याळं आणि अगदी टोकाला चष्म्याचं दुकान. चष्मेवाल्यांना सगळे काका म्हणत आणि त्यांच्या बायकोला काकू. काकू रोज दुपारी डबा घेऊन यायच्या. त्यांचा डावा गुडघा तेव्हाच कुरकुरत होता. पहिल्या दिवशी त्या माझ्यासमोर इतका वेळ उभ्या राहिल्या की मागे दहा-बारा माणसं खोळंबली.

मिस्त्री म्हणाला, "काकू, पायाकडे बघू नका. समोर बघा आणि पाऊल टाका."

काकूंनी डोळे मिटले आणि पाऊल टाकलं. वर पोहोचल्यावर काकांना म्हणाल्या, "अहो, हा तर मला कडेवर घेऊन आला."

तेव्हापासून त्या माझ्या रोजच्या. कधी माझ्यावर उभ्या उभ्या शेंगा सोलायच्या आणि टरफलं पिशवीत टाकायच्या, माझ्या दातांत एकही जाऊ द्यायच्या नाहीत. वरच्या दुकानदारांशी त्यांचा घरोबा झाला होता. पडदेवालीच्या मुलीला गणित त्यांनीच शिकवलं, पडद्यांच्या गठ्ठ्यावर बसून.

चौदा-पंधरा वर्षं अशी बरी गेली. मग गावाबाहेर, मोठ्या रस्त्यावर, एक काचेच्या भिंतींचं दुकान आलं. त्यात सगळंच मिळायचं आणि गाडी लावायला मैदानाएवढी जागा. आधी खेळणीवाला गेला. त्यानंतर लोकांच्या हातात फोन आले आणि वस्तू घरपोच यायला लागल्या. वह्या-पुस्तकांचं दुकान बंद झालं. घड्याळवाले एका सकाळी शटर ओढून गेले, ते कुणाला भेटलेही नाहीत. आता माझ्यावरून वर येणारी माणसं बोटांवर मोजण्याएवढी. रिकामा फिरताना आपलाच आवाज मोठा वाटतो, हे मला तेव्हा कळलं.

सेंटरचे म्हातारे मालक गेले आणि कारभार त्यांच्या पुतण्याकडे आला. तो वाईट बोलायचा नाही. उलट सगळ्यांना वाकून नमस्कार करायचा. पण त्याच्या मनात अख्खी इमारत एका पार्सल कंपनीला गोदामासाठी द्यायची होती. त्यासाठी ती रिकामी हवी. खालचे गाळे मोकळे झाले की तो कुलूप लावून ठेवायचा, दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही. मागच्या पायऱ्यांवर त्यानं जुनी कपाटं आणि काचा रचून ठेवल्या, जेमतेम एक माणूस अंग चोरून उतरेल एवढी वाट ठेवली.

वर तिघंच उरले होते : पडदेवाली, एक शिंपी आणि काका. तिघंही जायला तयार नव्हते. मग पुतण्यानं मिस्त्रीला बोलावलं. माझ्या पायथ्याशी उभं राहूनच दोघं बोलले, म्हणून मला ते शब्दन् शब्द ठाऊक आहेत.

"बंद करून टाक," पुतण्या म्हणाला. "आणि पाटी लाव."

"बिघाड काही नाही यात, साहेब."

"मी बिघाडाचं विचारलं का? पुढे गोदामात माणूस लागणारच आहे मला. तुझं वय झालंय, दुसरीकडे कोण घेणार?"

मिस्त्री थोडा वेळ कठडा पुसत राहिला. पुसायची काही गरज नव्हती. मग त्यानं खालचं झाकण उघडलं, कळ दाबली, आणि ज्या हातांनी मला जोडलं त्याच हातांनी माझ्या तोंडावर पाटी टांगली : 'दुरुस्ती चालू आहे. गैरसोयीबद्दल क्षमस्व.'

त्या पाटीमागे आठ महिने कुणी माझ्या एका स्क्रूलाही हात लावला नाही. काकांनी तीनदा विचारलं, तीनदा उत्तर मिळालं की सुटा भाग यायचा आहे.

मला ओरडून सांगायचं होतं की मी धडधाकट आहे. पण जिना बोलतो तो फक्त चालताना.

मागची वाट अडलेली, म्हणून लोक पाटीला वळसा घालून माझ्यावरूनच चढायचे. पण एक गोष्ट माणसांच्या लक्षात येत नाही. बंद पडलेला सरकता जिना हा साधा जिना होत नाही. माझ्या पायऱ्या उंच आहेत, त्यांच्या कडांना दाते आहेत. शिवाय सुरुवातीच्या आणि शेवटच्या दोन-तीन पायऱ्या बुटक्या होत जातात, कारण त्यांना सपाट व्हायचं असतं. चढणाऱ्या पायाला एका उंचीची सवय लागते, आणि नेमकी शेवटी ती मोडते.

काकूंना तरीही यायचंच असायचं. काका म्हणायचे, मी डबा सकाळीच घेऊन येत जाईन. काकू म्हणायच्या, मग दुपारभर मी घरात भिंतीशी बोलू का? काकांची गिऱ्हाइकं केव्हाच तुटली होती. ज्यांना धड दिसत नाही, त्यांनी अशा पायऱ्या चढायच्या कशा? त्या दुकानात आता दोनच माणसं असायची, तीच.

पावणेएकची वेळ होती. काकू कठडा धरून चढत होत्या, मधे दोनदा थांबल्या. शेवटून दुसऱ्या पायरीवर त्यांनी पाय नेहमीएवढाच उचलला आणि तो हवेत पडला. मी त्यांना धरू शकलो नाही. माझ्या सगळ्या पायऱ्या त्यांच्या अंगाखालून गेल्या, मी मात्र जागचा हललो नाही. इतकी वर्षं वर नेलेलं माणूस माझ्यावरूनच खाली आलं.

खुबा मोडला. शस्त्रक्रिया झाली, पण काकू पलंगावरून उठल्या नाहीत. त्यांचं करायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून महिन्याभरात काकांनी दुकान सोडलं. पाठोपाठ शिंपी आणि पडदेवालीही गेली. पुतण्याला जे हवं होतं ते झालं.

काका शेवटची खोकी उतरवत होते तेव्हा मिस्त्री आला. खाली मान घालून म्हणाला, "काका, हा बिघडलेला नव्हता."

काकांनी हातातलं खोकं माझ्या पायरीवर ठेवलं.

"तिला सांगू नका," ते म्हणाले. "तिला वाटतंय, आपलाच पाय चुकला. तसंच वाटू दे. तुमच्यावर चिडायचं तर अंगात त्राण लागतं, ते आता तिच्यात नाही."

"आणि तुम्ही?"

काकांनी खोकं उचललं आणि ते निघून गेले.

मिस्त्रीला गोदामात नोकरी मिळाली नाही. उद्यापासून माझे भाग सुटे करायचं काम तेवढं त्याला दिलं आहे. माझ्या जागी खोकी वर नेणारा पट्टा बसणार आहे म्हणे. त्याला कठडा नसेल. खोक्यांना धरायला काही लागत नाही.

माझं लोखंड वितळेल, त्याचं मला काही नाही. तुम्हाला मात्र एक सांगून जातो. तुमच्या गावात एखाद्या इमारतीचा वरचा मजला अजून उघडा असेल, तर एकदा चढून जा. काही विकत घेतलं नाही तरी चालेल. वर कुणीतरी पावलांच्या आवाजाकडे कान लावून बसलेलं असतं.